चारचौघांत घातलेली मागणी

धुळ्याहून एका वाचक मुलीने लिहिले आहे: ‘मावशी, गेल्या रविवारी आम्ही कॉलेजातले मित्रमैत्रिणी तोरणमाळला गेलो होतो. यशवंत तलावाच्या काठी डबे उघडत असतानाच तो गुडघ्यावर बसला, अंगठी पुढे केली आणि “महिन्याच्या आत कोर्ट मॅरेज करून टाकू” म्हणाला. सगळे मोबाईल रोखून उभे होते. मला तो मनापासून आवडतो. पण त्याची नोकरी पुण्याला, माझी धुळ्याला, आमच्या जाती वेगळ्या आणि घरी कुणालाच काही ठाऊक नाही. मी “विचार करून सांगते” एवढेच म्हणाले. परतताना तो दुसऱ्या गाडीत बसला आणि तेव्हापासून अबोला आहे. माझे चुकले का?’

प्रिय मुली,

तुझे काहीही चुकलेले नाही. गुडघ्यावर बसून मागणी घालण्याची रीत आपल्याकडे नवी असली तरी तिला माझी हरकत नाही. पोह्यांच्या बशीआडून मुलीला पारखण्यापेक्षा मुलाने स्वतः तिला विचारावे, हे केव्हाही बरे. परंतु एकांतात विचारणे निराळे आणि मोबाईल रोखलेल्या घोळक्यात विचारणे निराळे, कारण तिथे ‘हो’ म्हणण्यावाचून दुसरी वाटच ठेवलेली नसते. त्याने हे कपटाने केले असे मला वाटत नाही. धुळ्याच्या ४२ अंशांच्या काहिलीतून सगळ्यांना घाटावर नेण्याचा बेत त्याने हौसेने आखला असणार, आणि त्या हौसेत तुझा होकार गृहीत धरला असणार. आता तो दुखावला आहे तो तुझ्या उत्तराने कमी आणि मित्रांदेखत झालेल्या फजितीने अधिक.

तेव्हा लांबलचक मेसेज न पाठवता त्याला एकट्याला भेट आणि ‘मी नकार दिलेला नाही’ हे सर्वांत आधी सांग. त्यानंतर मात्र अडचणींना हात घाल: नोकरी कोणी सोडायची, की काही काळ दोघांनी दोन गावी राहायचे, आणि त्याच्या घरी तुझ्याविषयी काय ठाऊक आहे. या प्रश्नांवर तो तुझ्यासोबत विचार करू लागला, तर अबोला तिथेच संपला असे समज. तो केवळ ‘सगळ्यांसमोर माझी लाज घालवलीस’ एवढेच उगाळत राहिला, तर लग्नाची घाई करू नकोस.

‘महिन्याच्या आत’ हे बोलणेही उत्साहातले दिसते. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानुसार दोघांपैकी एकजण निदान ३० दिवस ज्या जिल्ह्यात राहत आहे, तेथील विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. ती कार्यालयात लावली जाते आणि पुढचे ३० दिवस उलटल्यावरच, तीन साक्षीदारांसमोर, विवाह होतो. आईवडिलांची नापसंती हे त्यावरील कायदेशीर हरकतीचे कारण ठरत नाही. दोघेही हिंदू असाल, तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यान्वये विधिपूर्वक लग्न करून त्याची नोंदणी करता येते आणि त्यालाही जात आड येत नाही. पण भिंतीवर लागलेली नोटीस कोणा ओळखीच्याने वाचून घरी सांगण्याआधी ती गोष्ट तुझ्या तोंडून कळलेली बरी.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली आहे. बहिणी-आत्या माहेरी येतील, घर भरलेले असेल, त्यामुळे सणाच्या दिवशी हा विषय काढू नकोस. सगळ्यांनाच मत असेल आणि ऐकून घ्यायला कोणीच नसेल. थोरली बहीण असेल तर तिला आदल्या रात्री विश्वासात घे. आईशी एकटीने बोल, शक्यतो पाहुणे परतल्यावर. वडिलांना मात्र आखाजीतले पत्त्यांचे डाव आवरल्यावरच गाठ, कारण हरलेल्या माणसाशी लग्नाचे बोलू नये, एवढे खान्देशातल्या कोणत्याही लेकीला सांगावे लागत नाही.

मित्रांपैकी कोणी तो व्हिडिओ स्टेटसला ठेवला असेल, तर तो आजच काढायला लाव, आणि हे काम त्यानेच करावे असे त्याला स्पष्ट सांग. अंगठी कोणाकडे आहे, हे तू लिहिलेले नाहीस. तुझ्याकडे असेल तर भेटीला जाताना सोबत ने, पण बोलणे पुरे होईपर्यंत ती परतही करू नकोस आणि बोटातही घालू नकोस.

तुझी,
मावशी