बोटीचं इंजिन ऐकू येतं, 'सुरमई'तला 'स' नाही

प्रश्न : आम्ही हर्णैला राहतो. मुलगी 6 वर्षांची. बोटीचं इंजिन सुरू झालं की पडवीतून धावत येते, आजोबांची हाकही ऐकते. पण सुरमईला 'उरमई' म्हणते. दोन्ही कानांना मशीन लावूनही फरक नाही. डॉक्टरांनी एका कानाला कॉक्लिअर इम्प्लान्ट (ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र) सुचवलंय. सासूबाई म्हणतात, आहे तेवढं ऐकू येणंही जाईल. काय करू?
– एक आई

उत्तर : सासूबाईंची भीती खोटी नाही. पण ताई, मी रत्नागिरीत 22 वर्षं मुलांचे कान तपासतेय, घरच्यांना सगळ्यात जास्त फसवतं ते हे इंजिनच. पोर वळून बघतं, म्हणजे त्याला ऐकू येतं! इंजिन, शिमग्यातला ढोल, आजोबांचा खर्ज हे खालच्या पट्टीतले आवाज. 'स', 'श' वरच्या पट्टीतले, ते तिच्यापर्यंत पोचतच नाहीत.

कानाच्या आतला, आवाज टिपणारा शंख अडीच वेढ्यांचा. तोंडाशी वरची पट्टी, आत टोकाशी खालची. इम्प्लान्टची तार आवाज विजेच्या संकेतांनी थेट नसेला पोचवते; ती शंखाच्या तोंडाकडूनच शिरते, म्हणून टोकाकडचं ऐकणं राखता येऊ शकतं. राहिलं, तर त्याच कानात वरचे आवाज तारेतून आणि खालचे नेहमीच्या मशीनसारखे कानात बसवायच्या साच्यातून देता येतात. गाण्याची चाल ओळखताना, बंदरावरच्या लिलावाच्या कालव्यात बोलणं समजताना याचा उपयोग होतो.

हमी मात्र कुणी देत नाही. मऊ तार, हलका हात, स्टेरॉइड, सगळं करूनही काहींचं ते ऐकणं लगेच जातं, काहींचं काही महिन्यांनी. गेलं तरी इम्प्लान्ट वाया जात नाही. मॅपिंग, म्हणजे यंत्रातली आवाजांची जुळणी, बदलून खालचे आवाजही तारेतूनच देतात. म्हणूनच तार किती लांबीची घालणार, हे विचारा. आखूड तार उरलेलं ऐकणं जपायला बरी, पण पुढे ते गेलं तर तीच तोकडी पडू शकते. जुने ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचे आलेख) काढा, ऐकणं वर्षागणिक घसरतंय का ते डॉक्टरांना दाखवा. एका मुलाच्या वेळी हे विचारायचं मी विसरले होते, अजून बोचतं.

दुसऱ्या कानाचं मशीन चालूच ठेवा. ऑपरेशनआधी न्यूमोकोकलची (मेंदूज्वराच्या एका जंतूवरची) लस झालीय ना, तेही बघा. माझी मुलगी असती तर इंजिनासाठी मी 'स' सोडला नसता.

आज रात्री तिच्या पाठीमागे बसा आणि तोंड दिसू न देता 'सुरमई', 'मुशी', 'बांगडा' म्हणा. ती काय म्हणते ते जसंच्या तसं लिहून ठेवा. सासूबाईंनाही शेजारी बसवा.