ऑफिसच्या कामासाठी परदेशात जायचंय आणि तिथे मोठं वादळ येतंय, जावं की थांबावं?

तुम्ही लिहिलंय की पुढच्या आठवड्यात क्लायंटकडे मीटिंग आहे, तिकीट कंपनीने काढलंय, तिथे मोठं चक्रीवादळ धडकणार अशा बातम्या आहेत आणि मॅनेजर म्हणतायत की फ्लाइट कॅन्सल झाली नाही तर जायलाच हवं. देश कुठला ते लिहिलं नाहीत, म्हणून जे सगळीकडे लागू पडतं तेवढंच सांगतो. मी बरीच वर्षं एका कंपनीच्या ट्रॅव्हल डेस्कवर आहे, लोकांना कामासाठी बाहेर पाठवायचं आणि ते कुठे अडकले की सोडवून आणायचं, हेच माझं रोजचं काम.

माझं मत स्पष्ट आहे, वादळ पोचायच्या आदल्या दिवसापासून ते गेल्यावर निदान दोन दिवस तिथे उतरायचं नाही. तारीख पुढे ढकला. आणि "फ्लाइट चालू आहे म्हणजे जाणं सेफ आहे" हा जो मॅनेजरचा हिशोब आहे ना, तोच मुळात चुकतो. एअरलाइन काय बघते, तर विमान तिथे उतरू शकतं का, रनवेला आडवा वारा किती आहे, दिसतंय किती, रनवेवर पाणी आहे का. त्यात पायलट धोका पत्करत नाहीत, नाही जमलं तर दुसऱ्या एअरपोर्टला नेतात, तिथे माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास आहे. पण तुम्ही उतरल्यावर हॉटेलपर्यंत कसे पोचणार, ट्रेन चालू असेल का, टॅक्सी मिळेल का, हॉटेलला वीज असेल का, हे त्यांच्या हिशोबात नसतंच, ते तुमचं तुम्हाला बघावं लागतं.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे टोकियोजवळचा नारिता एअरपोर्ट. सप्टेंबर 2019 मध्ये फॅक्साई वादळ पहाटे तिथून गेलं, नंतर विमानं उतरायला लागली, पण शहराकडे जाणाऱ्या ट्रेन आणि बस बंदच होत्या. म्हणजे विमानं माणसं आणून सोडतायत आणि बाहेर पडायला वाट नाही. दहा हजारांहून जास्त लोकांनी ती रात्र एअरपोर्टवर काढली. त्यातल्या बऱ्याच जणांची फ्लाइट "चालू" होती. त्याच्या आदल्या वर्षी, 4 सप्टेंबर 2018 ला, ओसाकाच्या कान्साई एअरपोर्टचं तर याहून वाईट झालं, तो समुद्रात भराव टाकून बांधलेला आहे, जेबी वादळात रनवेवर समुद्राचं पाणी आलं आणि वाऱ्याने वाहत आलेलं एक टँकर जहाज जमिनीला जोडणाऱ्या पुलावरच आदळलं. हजारो लोक आत अडकले, दुसऱ्या दिवशी त्यांना बोटी आणि बसमधून बाहेर काढावं लागलं. आणि हे जपानमध्ये, जिथे वादळाची तयारी जगात सगळ्यात चांगली मानतात. दुबईला एप्रिल 2024 मध्ये नुसता पाऊस झाला, चक्रीवादळसुद्धा नाही, तरी रनवेवर पाणी साचून त्या एका एअरपोर्टमुळे कितीतरी देशांमधले प्रवासी लटकले. त्यामुळे तुमचं वादळ जिथे मुक्काम आहे तिथे नसून वाटेत जिथे फ्लाइट बदलायची तिथे असेल तरी हाच विचार करा.

वादळ गेलं की दुसऱ्या दिवशी सगळं सुरळीत होईल असंही धरू नका. वादळ यायच्या आधी एअरलाइन आपली विमानं तिथून हलवतात, क्रूच्या ड्युटीचे तास संपलेले असतात, विमान एका शहरात आणि क्रू दुसऱ्याच शहरात असं होतं, आणि त्यात कॅन्सल झालेल्या सगळ्या फ्लाइटचे लोक उरलेल्या सीट्ससाठी रांगेत असतात. म्हणून मी दोन दिवस म्हणतो, मोठं वादळ असेल तर त्याहूनही जास्त धरा.

अंदाज बघताना बातम्यांच्या हेडलाइनवर जाऊ नका, त्या देशाच्या हवामान खात्याची साइट उघडा. नकाशावर जो पुढे रुंद होत जाणारा पट्टा दाखवतात तो वादळाचा मध्यबिंदू कुठून जाऊ शकतो याचा असतो, वादळ किती मोठं आहे याचा नाही. तुमचं शहर पट्ट्याच्या जरा बाहेर आहे म्हणून निश्चिंत होऊ नका, पाऊस आणि वारा पट्ट्याच्या खूप बाहेरपर्यंत असतो. हाँगकाँगसारख्या ठिकाणी वादळाच्या इशाऱ्याच्या सिग्नलचे नंबर असतात, 8 नंबर लागला की ऑफिसं, शाळा, फेरी बोटी बंद व्हायला लागतात, म्हणजे तुम्ही पोचलात तरी समोर मीटिंगला माणूसच नाही! मॅनेजरशी बोलताना हा मुद्दा सगळ्यात आधी मांडा, कारण तो त्यांच्या भाषेतला आहे. क्लायंटला आजच एक फोन करून विचारा की त्या दिवशी तुमचं ऑफिस उघडं असणार आहे का, बऱ्याचदा तेच म्हणतात की नंतर या.

आता तिकिटाचं. मोठं वादळ दिसायला लागलं की बऱ्याच एअरलाइन काही तारखांसाठी वेव्हर काढतात, म्हणजे चेंज फी न घेता तारीख बदलून देतात. तो आला की लगेच वापरा, फ्लाइट कॅन्सल व्हायची वाट बघत बसू नका कारण तेव्हा सगळेच बदलायला येतात. आणि काहीही झालं तरी न कळवता फ्लाइट सोडू नका, पहिला सेक्टर (म्हणजे प्रवासाचा एक टप्पा) नो-शो झाला, म्हणजे तुम्ही न कळवता आलाच नाहीत, की बहुतेक वेळा पुढचे सगळे सेक्टर, परतीचं तिकीटसुद्धा, आपोआप कॅन्सल होतं. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर (म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर) आहे ना तेही बघून घ्या, एकाच तिकिटावर कनेक्शन चुकलं तर पुढे पोचवायची जबाबदारी एअरलाइनची, दोन वेगळी तिकिटं असतील तर दुसरं तिकीट गेलं समजा. इन्शुरन्स आत्ता काढून फारसा उपयोग नाही, वादळ जाहीर झाल्यानंतर घेतलेल्या पॉलिसीत त्या वादळामुळे झालेलं नुकसान सहसा धरत नाहीत. कंपनीची जुनी पॉलिसी आहे का ते विचारा. युरोपच्या नियमात (तो 261 नंबरचा, 2004 चा) हवामानामुळे फ्लाइट रद्द झाली तर भरपाईचे पैसे मिळत नाहीत, पण दुसरी फ्लाइट किंवा रिफंड, आणि थांबावं लागलं तर जेवण आणि हॉटेल हे द्यावंच लागतं. काउंटरवर बऱ्याच लोकांना हे माहीत नसतं आणि ते नुसतेच परत जातात, तुम्ही मागा. व्हिसाची शेवटची तारीख जवळ असेल तर तेही बघा, शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) अशा कारणासाठी मुदत फी न घेता वाढवून मिळते, पण मुदत संपायच्या आत अर्ज करावा लागतो.

सगळ्यात अवघड भाग तिकिटाचा नाहीच, मॅनेजरला नाही म्हणायचा आहे, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते, कारण नवीन लोक घाबरून जातात आणि मग हॉटेलच्या अंधारात एकटे बसून आम्हाला फोन करतात. तोंडी वाद घालू नका. मेल लिहा. त्यात हवामान खात्याच्या इशाऱ्याची लिंक टाका, नवीन तारीख स्वतःच सुचवा, तोपर्यंत व्हिडिओ कॉलवर काय काय उरकता येईल ते लिहा, आणि शेवटी साधे प्रश्न विचारा: मी अडकलो तर जास्तीच्या दिवसांचा खर्च कोण करणार, रात्री फोन कोणाला करायचा, तिथून बाहेर काढायची सोय काय. एचआर आणि ट्रॅव्हल डेस्कला कॉपीत ठेवा. हे प्रश्न लेखी आले की बहुतेक मॅनेजर स्वतःच तारीख बदलतात, कारण उत्तरावर त्यांचं नाव लागणार असतं. कर्मचाऱ्यांच्या प्रवासातले धोके कंपनीने कसे सांभाळावेत यावर आयएसओ 31030 नावाचं 2021 चं मार्गदर्शक स्टँडर्ड आहे, बंधनकारक नाही पण मोठ्या कंपन्यांत एचआरला ते माहीत असतं, तेवढा उल्लेख केला तरी सूर बदलतो.

आणि समजा तुम्ही आधीच तिथे पोचलेले असाल तर हॉटेल सोडायचं नाही, क्लायंटने गाडी पाठवली तरी नाही. खोली समुद्रापासून लांबची घ्या, तळमजल्यावरची नको, आणि काचेच्या मोठ्या खिडकीजवळही बसू नका. फोन, पॉवरबँक भरून ठेवा, पिण्याचं पाणी आणि थोडी कॅश जवळ ठेवा कारण वीज गेली की कार्ड चालत नाही. मधेच वारा एकदम थांबला तर बाहेर बघायला जाऊ नका, वादळाचा डोळा वरून जात असेल तर थोड्या वेळाने उलट्या दिशेने तेवढ्याच जोराचा वारा येतो. रस्त्यावरच्या वाहत्या पाण्यात पाय घालू नका, वीतभर पाण्यालासुद्धा माणूस पाडण्याइतका जोर असतो.

मेल मात्र आजच पाठवा, उद्यावर टाकू नका, वादळानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांच्या सीट्स फार पटापट जातात.