झोंबींसमोर लष्कराची शस्त्रं चालतील का?

प्रश्न: झोंबी पिक्चरमध्ये आर्मी नेहमी हरते, ते पटत नाही. एवढ्या मशीनगन, टँक असून मेलेली माणसं जिंकतात कशी?

उत्तर: शंका रास्त आहे, मलाही ते कधीच पटलं नाही. पण एक गोष्ट बघा, सैनिकाला छातीवर नेम धरायला शिकवतात कारण टार्गेट मोठं असतं, आणि गोळीनं माणूस पडतो तो रक्त जाऊन किंवा वेदनेनं, आता झोंबीला दोन्ही लागू नाही, फक्त मेंदू फुटला तरच खेळ खल्लास असं धरलं तर ३० गोळ्यांचं मॅगझिन पळत्या डोक्यांवर भराभर संपतं. शिवाय मशीनगनचं अर्धं काम शत्रूला घाबरवून खाली दाबून ठेवणं असतं, घाबरणारच नाही त्याला काय दाबणार? थर्मल कॅमेऱ्याचंही तेच, अंग गार असेल तर आजूबाजूपासून वेगळं दिसणार नाही.

तरीही लष्करच जिंकेल असं मला ठामपणे वाटतं. तोफेचा गोळा मेंदूबिंदू बघत नाही, पाय तुटले, मणका मोडला की चालणं बंद, वेदना होवो न होवो. आणि अमेरिकेचा अब्रॅम्स टँक ६० टनांच्या वर, नुसता अंगावरून गेला तरी पुरे, आतल्या क्रूला चावणार कुठून? अडचण इंधन आणि दारूगोळ्याची, ते पोचवणारे ट्रक उघडे असतात, मी आधी त्यांना चिलखत चढवेन.

बाय द वे, अमेरिकेच्या स्ट्रॅटेजिक कमांडनं २०११ मध्ये ट्रेनिंगसाठी खरंच झोंबीविरोधी प्लॅन लिहिला होता, कॉनप्लॅन ८८८८!