एक सेमिस्टर, किती देश?

ताई, मी एक्स्चेंजवर विंटर सेमिस्टरसाठी जर्मनीत कोलोनला आलेय, तीन आठवडे झाले. सोबतच्या सगळ्यांनी पॅरिस, प्राग, रोम अशी लिस्ट करून डिसेंबरपर्यंतचे वीकेंड बुक पण केलेत. माझं बजेट तेवढं नाही आणि 30 क्रेडिट्सही पूर्ण करायचेत. नाही गेले तर नंतर चुटपुट लागेल का?

अगं लागेल थोडी, पण ती गेल्यावरही लागतेच, माझं ऐक. मी माझ्या सेमिस्टरला पाच वीकेंडमध्ये चार देश उरकले होते आणि आता त्यातलं काय आठवतं विचारशील तर बस स्टँडवरची बाकडी! रात्रभर बसमध्ये मान वाकडी करून झोपायचं, पहाटे पाचला उतरायचं, होस्टेलचं चेक-इन दुपारी तीनला, मग तोवर पाठीवर सॅक घेऊन जे काही प्रसिद्ध असेल त्याच्यासमोर जांभया देत फोटो काढायचे. सोमवारी लेक्चरला जाऊन झोपायचं ते वेगळंच.

त्यापेक्षा तू बसलीयस कुठे ते बघ ना. कोलोनच्या मेन स्टेशनमधून बाहेर पडलं की दोन मिनिटांत डोम, म्हणजे तिथलं कॅथेड्रल, अंगावर येतो. 1248 ला काम सुरू केलं, मधे काही शतकं तसंच अर्धवट पडलं होतं, संपलं 1880 ला. (तुझं प्रोजेक्ट लेट झालं तर हे गाईडला सांगून बघ.) साउथ टॉवरला 533 पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, जिना गोल गोल आणि अरुंद, वरून उतरणारे आणि खालून चढणारे एकमेकांना पोटं आत घेऊन वाट देतात. वाटेत 24 टनांची घंटा लागते, तिथे सगळे घंटा बघायच्या निमित्ताने दम खाऊन घेतात, मी पण खाल्ला.

आता पैशांचं. तुझ्या सेमिस्टर फीमध्ये डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभर चालणारा प्रवासाचा पास, आहे का ते आधी बघ, बऱ्याच युनिव्हर्सिट्यांत असतं. ते असेल तर देशभरातल्या रिजनल गाड्या, ट्राम, सिटी बस सगळं त्यात आलं, फक्त पांढऱ्या फास्ट गाड्यांत, म्हणजे आयसीई आणि आयसीमध्ये, ते चालत नाही, घाईत चुकून चढू नकोस, दंड 60 युरोपासून पुढे असतो. मग एखाद्या शनिवारी सकाळी कोब्लेन्झमार्गे ऱ्हाइनच्या काठाकाठाने जाणारी रिजनल पकड आणि डावीकडची खिडकी धर. कोब्लेन्झला मोझेल नदी येऊन ऱ्हाइनला मिळते, आणि तिथून बिंगेनपर्यंतचा साधारण 65 किलोमीटरचा पट्टा म्हणजे दर वळणावर किल्ला, उतारावर द्राक्षमळे, खाली मालवाहू बोटी, मधेच लोरेलायचा कडा. पुस्तक उघडलेलं तसंच राहतं मांडीवर. बिंगेनला उतरून फेरीने पलीकडे र्‍यूडसहाइमला जायचं (फेरीचं तिकीट वेगळं हं) आणि समोरच्या काठाने दुसऱ्या गाडीने परत यायचं, म्हणजे सकाळी ज्या काठाने गेलीस तो आता समोरून दिसतो. डिसेंबरात साडेचारच्या आसपास सूर्य मावळतो, त्यामुळे दहाला उठून निघालीस तर परतीचं सगळं अंधारातच जाईल.

आखेन पण तसंच, तासाभरावर, तिथलं कॅथेड्रल 1978 साली युनेस्कोच्या अगदी पहिल्या यादीत होतं. आणि जवळच जर्मनी, नेदरलँड्स, बेल्जियम तिघांच्या सीमा एका टेकडीवर मिळतात, तुझ्या मैत्रिणींना सांग एका दुपारी तीन देश केले म्हणून!

एक मोठी ट्रिप मात्र कर, एकच, चार दिवसांची, आवडत्या शहराची. आणि ती फेब्रुवारीवर ढकलू नकोस, लेक्चर्स साधारण तेव्हाच संपतात आणि लगेच परीक्षा उभ्या राहतात.

माझा स्टुडंट व्हिसा जर्मनीचा आहे. बेल्जियम, स्वित्झर्लंडला वेगळा व्हिसा लागेल का? लंडनचं काय?

लाँग-टर्म नॅशनल व्हिसा किंवा रेसिडन्स परमिट असेल तर बाकीच्या शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) 180 दिवसांतले 90 दिवस फिरता येतं, स्वित्झर्लंड त्यात आहे. लंडन नाही, आयर्लंडही नाही, दोन्हींचे व्हिसा वेगळे. पासपोर्ट ओरिजिनल जवळ ठेव, मोबाईलमधला फोटो चालत नाही. शेंगेनमध्ये चेकिंग नसतं असं सगळे छातीठोक सांगतात पण जर्मनीने 2024 पासून जमिनीवरच्या सगळ्याच सीमांवर तपासणी परत चालू केली, पोलीस गाडीत येऊन विचारतात. आणि व्हिसाची तारीख बघूनच परतीचं तिकीट काढ रे बाबा.

मुलगी एक्स्चेंजवर तिकडे जर्मनीत आहे. शनिवार-रविवार एकटीच भटकते, फोन लागत नाही. जीव टांगणीला लागतो. रागावले तर दोन दिवस बोलत नाही.

वहिनी, रागावू नका, तुमचा फोन टाळते असंच काही नाही, ऱ्हाइन नदीच्या काठच्या लाईनवर गेली असेल तर तिथे बोगदे आहेत, रेंज येते-जाते. तिला लाईव्ह लोकेशन मागितलंत तर ती वैतागेल (माझ्या आईने मागितलं असतं तर मी पण वैतागले असते), त्यापेक्षा निघताना जायची गाडी आणि परतीची शेवटची गाडी एवढा एक मेसेज ठरवून घ्या. गाड्या लेट होतात, कधी रद्दही होतात, म्हणून ठरलेल्या वेळेनंतर तासभर धीर धरा. 112 हा इमर्जन्सीचा आणि 110 पोलिसांचा नंबर तिच्याकडे आहे ना तेवढं विचारा, आणि मग ती काय बघून आली ते विचारा. आधी फोटो, मग "जेवलीस का".

रविवारी इथे सगळं बंद! करायचं काय?

शनिवारी संध्याकाळीच सामान भरायचं, विसरलास तर मोठ्या स्टेशनातली दुकानं उघडी असतात पण तिथली गर्दी बघून पुन्हा विसरणार नाहीस. व्हॅक्यूम क्लीनर लावू नकोस, काचेच्या बाटल्या रिसायकलच्या डब्यात टाकू नकोस, रविवारी आवाज चालत नाही, मी टाकल्या होत्या तर शेजारच्या आजी गाऊनवर खाली आल्या आणि मला न समजणाऱ्या जर्मनमध्ये सगळं समजावून गेल्या. कपडे धुवायचं पण हॉस्टेलचे नियम वाचूनच. बाकी बॉनला जा, अर्ध्या तासावर आहे, हाउस डेर गेशिष्टे नावाचं इतिहासाचं म्युझियम आहे, तिकीटच नाही, आणि रविवारी चालू असतं.