रोज सकाळी डिस्क विसरणारा सर्व्हर

संगणकाच्या तक्रारींची पत्रं या सदराला पाठवताना एक कराच. पडद्यावर जे शब्द उमटले ते जसेच्या तसे लिहून काढा, चुकीच्या स्पेलिंगसकट. ‘नेट चालत नाही’ एवढंच लिहिलंत, तर मला काहीच सांगता येत नाही. या महिन्यात चौघांनी अगदी नीट लिहून पाठवलं, म्हणून त्यांना खोलात जाऊन उत्तर देता आलं. आज्ञा इथे देवनागरीत छापल्या आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरा.

ताई, मी गिरगावातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयाचा मानद कार्यवाह. एका सभासदाने त्यांच्या कचेरीतून निघालेला जुना टॉवर सर्व्हर आम्हाला दिला. माझ्या भाच्याने त्यावर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आणि कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर बसवलं. दिवसभर छान चाललं. दुसऱ्या दिवशी सकाळी काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’. भाच्याने फोनवर सांगितलं तसं बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंग्जमध्ये, ‘लेगसी’ होतं ते ‘यूईएफआय’ केलं, लगेच सुरू झाला. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि आता रोजचंच झालंय. एक दुरुस्तीवाले म्हणतात डिस्क गेली, दुसरे म्हणतात सगळं पुसून पुन्हा इन्स्टॉल करावं लागेल. याशिवाय एक वेगळी तक्रार: कोहातली तारीख मागे पडते. आठवड्यापूर्वी बरोबर लावली होती, आज साडेचार दिवस मागे आहे. ग्रंथालयात इंटरनेट नाही, चार संगणक एका स्विचला जोडलेत. वेळ सकाळी १० ते रात्री ८, सोमवारी सुट्टी. जुनी इमारत असल्याने रात्री शिपाईमामा मेन स्विच बंद करून जातात.

कार्यवाह साहेब, आधी त्या दोघांनाही थांबवा. डिस्क शाबूत आहे. पुसून पुन्हा इन्स्टॉल केलंत तर भरलेली सगळी पुस्तकयादी जाईल आणि परवा सकाळी तोच काळा पडदा पुन्हा समोर येईल.

तुम्ही दोन वेगळ्या तक्रारी लिहिल्यात, पण दुखणं एकच आहे आणि ते तुमच्याच पत्राच्या शेवटच्या वाक्यात आहे. मेन स्विच. संगणक ‘बंद’ केला तरी जोवर तारेत वीज आहे तोवर मदरबोर्डला थोडी वीज मिळत राहते, आणि त्यावर आतलं घड्याळ चालतं. मेन बंद झाला की हे काम एका नाण्याएवढ्या सेलवर येतं. त्याचा नंबर सीआर २०३२, म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. सर्व्हर जिथून आला तिथे तो वर्षानुवर्षं चोवीस तास चालू असणार, त्यामुळे सेल कधी मेला ते कुणाला कळलंच नाही. तुमच्याकडे आल्यावर रोज रात्री त्याची गरज पडू लागली.

सेल मेलेला असला की जुन्या यंत्रांत बायोसच्या सेटिंग्ज रोज रात्री कारखान्यातून आल्या तशा होतात. तुमच्या यंत्राची मूळ सेटिंग ‘लेगसी’, म्हणजे सुरू होण्याची जुनी पद्धत, आहे. भाच्याने डेबियन बसवलं ते यूईएफआय या नव्या पद्धतीने, म्हणजे सुरू होण्यासाठी लागणाऱ्या फायली डिस्कवरच्या एका छोट्या वेगळ्या विभागात आहेत. लेगसी पद्धत तिकडे बघतच नाही. ती डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये शोधते, तिथे काही सापडत नाही, आणि म्हणते डिव्हाइस नाही. डिस्क आहे, तिच्यावर सगळं आहे, फक्त चुकीच्या दारावर थाप मारली जाते आहे.

आता तारीख. पत्रातला हा तपशील वाचून मला फार आनंद झाला, कारण निदान त्यानेच पक्कं केलं. सेल मेला असेल तर बायोसमधली तारीख कितीतरी वर्षं मागची दिसायला हवी. उद्या सकाळी बघा, दिसेलच. मग कोहात फक्त साडेचार दिवसांचा फरक का? कारण डेबियन १२ मध्ये वेळ जुळवणारी एक सेवा असते, सिस्टीमडी-टाइमसिंकडी. इंटरनेट नसलं तर ती दर मिनिटाला चालू वेळ डिस्कवर नोंदवून ठेवते, आणि सुरू होताना बायोसचं घड्याळ त्या नोंदीच्याही मागे दिसलं तर नोंदीपासून पुढे मोजायला लागते. म्हणजे तुमचा सर्व्हर सकाळी १० वाजता उठतो तेव्हा त्याच्या लेखी आदल्या रात्रीचे ८ वाजलेले असतात. आठवड्याचे तास १६८. ग्रंथालय सहा दिवस दहा तास उघडं, म्हणजे ६०. उरले १०८, भागिले २४, बरोबर साडेचार दिवस. तुम्ही आकडा नेमका लिहिलात म्हणून हा हिशेब लागला.

उपाय असा. सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो, लॅमिंग्टन रोडपर्यंत जायची गरज नाही. सर्व्हरची तार भिंतीतून काढा, झाकण उघडा, आत हात घालण्यापूर्वी पत्र्याला स्पर्श करा. सेलची अधिक खुणेची बाजू वर ठेवून बसवा. मग बायोसमध्ये एकदाच यूईएफआय लावून सेव्ह करा. डेबियन सुरू झाल्यावर ‘डेट’ आज्ञेने बरोबर वेळ द्या आणि ‘एचडब्ल्यूक्लॉक’ आज्ञेला ‘सिस्टोएचसी’ हा पर्याय जोडून ती आतल्या घड्याळात उतरवा. पुढे कधी बायोस उघडलंत तर घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. ते चुकलेलं नाही. लिनक्स तिथे जागतिक वेळ ठेवतं, भारतीय वेळेचा हिशेब वर करतं. ‘दुरुस्त’ करू नका.

गेल्या काही आठवड्यांतल्या देवघेवीच्या तारखा मात्र चुकलेल्या आहेत. रजिस्टर असेल तर त्यावरून तपासा, आणि तोवर कुणाकडून विलंब शुल्क घेऊ नका.

आणि शिपाईमामांना बोल लावू नका. जुन्या वायरिंगच्या इमारतीत रात्री मेन बंद करणं शहाणपणाचंच आहे. मला काळजी आहे ती वेगळीच: मेन बंद होण्याआधी सर्व्हर रीतसर बंद होतो का? कोहाची सगळी माहिती मारियाडीबी किंवा मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये असते, आणि लिहिता लिहिता वीज गेली तर तो डेटाबेस बिघडू शकतो. भाच्याला सांगून क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणाऱ्या सोयीत, एक ओळ टाकून घ्या, रोज रात्री ८ वाजून १० मिनिटांनी ‘शटडाउन’. मामांना एवढंच सांगायचं की सर्व्हरचा दिवा विझला की मग मेन.

सर्व्हर जमिनीवर ठेवला असेल तर तोही उचला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मी ज्या तळमजल्यावरच्या कचेरीत काम करत होते तिथे टेबलावरची यंत्रं वाचली आणि खालची सगळी गेली. त्यात सहा वर्षांच्या नोंदी होत्या. त्या खोलीचा ओला वास मला अजून आठवतो.

कोहा हा माओरी शब्द आहे, अर्थ भेट. १९९९ मध्ये न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी हे सॉफ्टवेअर लिहायला घेतलं आणि नंतर सगळ्यांना मोफत दिलं. तुमच्याकडे यंत्रही भेट आलेलं आहे. ते टाकून देऊ नका, चांगलं आहे.

ताई, मी दादरला एका सीएंच्या ऑफिसात आर्टिकलशिप करतोय, आणि कॉम्प्युटरचं सगळं माझ्याच गळ्यात आहे. उबुंटू सर्व्हर २४.०४ वर फायली ठेवतो. पत्ता १९२.१६८.१.१० असा कायमचा दिलाय, पण ‘आयपी ॲड्रेस’ आज्ञा दिली की १९२.१६८.१.३७ असा दुसराही दिसतो. सकाळी सगळं चालतं. साडेबाराच्या सुमारास सर्व्हर मध्येच गायब होतो, मध्येच येतो. साहेब तेव्हाच ऑफिसात येतात, त्यामुळे ओरडा रोज मलाच. दोनदा इन्स्टॉल करून झालं.

अरे, तिसऱ्यांदा करू नकोस. तुझ्याकडे दोन गाठी आहेत, एक सोपी आणि एक त्रासाची.

सोपी आधी. उबुंटूत नेटवर्कची मांडणी नेटप्लॅन बघतो. ‘ईटीसी’ खालच्या ‘नेटप्लॅन’ फोल्डरमध्ये तू स्वतःची नवी फाइल केलीस, नावाच्या सुरुवातीला ०१ वगैरे लावून. बरोबर? पण इन्स्टॉलरने केलेली ५० आकड्याची क्लाउड-इनिट फाइल तिथेच आहे. नेटप्लॅन त्यातली एकच निवडत नाही, सगळ्या नावाच्या क्रमाने वाचतो आणि एकत्र करतो. पत्त्यांची यादी जोडली जाते, आणि एकाच गोष्टीबद्दल दोन फायलींत वेगळं लिहिलं असेल तर नंतरची फाइल जिंकते. तू डीएचसीपी, म्हणजे राउटरकडून आपोआप पत्ता घेणं, बंद केलंस, ५० नंबरने ते पुन्हा चालू केलं. ‘नेटप्लॅन गेट’ देऊन बघ, एकत्र झालेलं चित्र समोर येईल. दोन्हींपैकी एकच फाइल ठेव. गेटवेसाठी, म्हणजे बाहेर जायच्या वाटेसाठी, जुन्या लेखांत ‘गेटवे४’ लिहिलेलं सापडतं, ते आता मोडीत काढलंय. ‘राउट्स’ खाली ‘टू’ समोर डिफॉल्ट आणि ‘व्हाया’ समोर राउटरचा पत्ता असं लिही. इंडेंटसाठी टॅब अजिबात नाही, फक्त स्पेस. आणि ‘अप्लाय’ऐवजी ‘नेटप्लॅन ट्राय’ वापर: १२० सेकंदांत एंटर दाबलं नाहीस तर ते आपोआप आधीच्या स्थितीवर येतं. दुसऱ्या खुर्चीवरून एसएसएचने, म्हणजे सर्व्हरवर लांबून आज्ञा देत, काम करताना याने माझी लाज कितीदा राखली आहे.

आता त्रासाची गाठ. तू दिलेला .१० हा पत्ता राउटर जे पत्ते वाटतो त्यांच्यातच असावा. राउटरला तुझ्या सर्व्हरने तो घेतल्याचं ठाऊक नाही, कारण सर्व्हरने तो त्याच्याकडे मागितलाच नाही. मग राउटर तोच पत्ता दुसऱ्या कुणाला देतो. साडेबाराला ऑफिसात कोण येतं? माझा संशय साहेबांच्या मोबाइलवर आहे.

नुसत्या संशयावर साहेबांकडे जाऊ नकोस, पुरावा घे. सकाळी सगळं नीट चालू असताना कुठल्याही विंडोज संगणकावर ‘एआरपी -ए’ आज्ञा दे आणि .१० समोरचा बारा अक्षरांचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाची ओळख, वहीत उतर. साडेबाराला सर्व्हर गेला की पुन्हा तेच. मॅक बदललेला दिसला तर एका पत्त्यावर दोन यंत्रं आहेत हे सिद्ध झालं. नव्या मॅकचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बहुधा फोनच. हल्लीचे फोन वायफायला खरा मॅक न सांगता बनवलेला सांगतात आणि त्याची ही खूण असते. अँड्रॉइडमध्ये हे आवृत्ती १० पासून आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून आपोआप चालू असतं.

मग राउटरच्या पानावर जाऊन डीएचसीपीची हद्द १०० ते २०० कर. सर्व्हर .१० वर, प्रिंटर .११ वर, हे हद्दीबाहेर राहतील. त्यानंतर राउटर आणि साहेबांच्या फोनचं वायफाय एकदा बंद-चालू कर, नाहीतर फोन जुना पत्ता मुदत संपेपर्यंत धरून ठेवेल. वहीतली दोन्ही पानं साहेबांना दाखव. दोनदा इन्स्टॉल करताना जे रात्री थांबलास त्याचं मोल त्यांना कळायला हवं, आणि तुझ्या जागी पुढे येणाऱ्या मुलालाही ती वही लागेल.

मी बोरिवलीला राहतो. घरच्या सर्व्हरवर बाहेरून पोहोचायचंय. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केलं, म्हणजे बाहेरची हाक सर्व्हरकडे वळवली, फायरवॉल तपासली, तरी काही होत नाही. राउटरच्या वॅनचा, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा, पत्ता १०० ने सुरू होतो, पुढचा आकडा ७२.

तुम्ही केलंत ते सगळं बरोबर आहे. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते इंटरनेट पुरवणाऱ्यांनी आपल्या आतल्या जाळ्यात वापरावेत म्हणून २०१२ मध्ये राखून ठेवले गेले. म्हणजे एका सार्वजनिक पत्त्यामागे तुमच्यासारखी बरीच घरं आहेत, आणि बाहेरून आलेली हाक तुमच्या राउटरपर्यंत येतच नाही. पुरवणाऱ्याकडे स्टॅटिक आयपी, म्हणजे तुमचा एकट्याचा कायमचा सार्वजनिक पत्ता, मागा. नाही मिळाला तर भाड्याचा एक छोटा सर्व्हर घ्या आणि घरून त्याच्यापर्यंत वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा टाका. हाक घरातून बाहेर जाते, त्यामुळे अडत नाही. आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत मिळत असेल तर तीही चालेल, मात्र फायरवॉल आधी नीट लावा.

मशीद बंदरला आमचा घाऊक व्यापार आहे. सर्व्हर नवा, स्विच गिगाबिटचा, तरी फायली सेकंदाला ११ एमबीच्या वर जात नाहीत. पावसाळ्यापूर्वी बरं होतं. विक्रेता म्हणतो सर्व्हरची रॅम वाढवा.

रॅमवर पैसे घालू नका. ११ हा आकडा मला चांगला ओळखीचा आहे. १०० मेगाबिटला ८ ने भागलं की साडेबारा, त्यातून वरखर्च वजा जाता ११ उरतात. तुमची जोडणी गिगाबिटवरून १०० वर उतरली आहे. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. एखादी तार तुटली किंवा कनेक्टरच्या पिना गंजल्या की दोन्ही टोकं मुकाट्याने खालच्या वेगावर येतात, आणि काम चालू राहत असल्याने कुणाला कळत नाही. सर्व्हरवर ‘एथटूल’ आणि पुढे कार्डाचं नाव द्या, ‘स्पीड’समोर १०० दिसेल. आधी सर्व्हर ते स्विच ही केबल बदलून बघा. १००० दिसलं तर काम झालं. जुनी केबल जिथून जात होती तो कोपरा मात्र बॅटरी घेऊन पाहा, गोदामात उंदीर असतील तर नवीही तिथूनच नेऊ नका. आणि घेताना शुद्ध तांब्याची मागा, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको.