चार बोटं जागा

प्रिय ताई,
नवऱ्याच्या बदलीमुळे चार महिन्यांपूर्वी आम्ही एका उष्ण कटिबंधातल्या बेटावर राहायला आलो. फ्लॅट समुद्राच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर. ओळखीच्यांना वाटतं आमची कायमची सुट्टी चालू आहे. प्रत्यक्षात या घराने मला मेटाकुटीला आणलंय. कपाटाला कुबट वास, बुटांवर हिरवट बुरशी, दाराच्या कड्या गंजलेल्या, पुस्तकं फुगलेली. एसी १८ वर ठेवते, दुपारी मोकळी हवा यावी म्हणून खिडक्या उघडते, तरी फरशी ओली ती ओलीच. संध्याकाळ अशी इथे होतच नाही. एकदम काळोख पडतो आणि माझ्या पोटात खड्डा. नवरा म्हणतो, होईल सवय. त्याला काय, त्याला ऑफिस आहे, माणसं आहेत. सामान लावत होतो तेव्हा शेजारच्या बाई न विचारता आत आल्या होत्या. त्यांची भाषा मला धड येत नाही. कपाट भिंतीला चिकटवू नका म्हणून हाताने चार बोटं दाखवत होत्या. मला जरा आगाऊपणाच वाटला. असो. मी परत निघून जावं, की नवऱ्याला दुसरीकडे बदली मागायला लावावी?
— बेटावरची एकटी

प्रिय मुली,

तुझ्या नवऱ्याबद्दल आज मी काही लिहिणार नाही. तो चुकतोय की नाही, त्याने तुला समजून घ्यायला हवं की नको, हे सगळं राहू दे. मी अडकले ती त्या शेजारणीपाशी. तू दोन-तीन वाक्यांत तिला उरकलंस आणि पुढे गेलीस.

जरा विचार कर. तुझ्याकडून जिला काहीही नको होतं अशी एक बाई, तुझी खोकी अजून दारात पडलेली असताना, आपणहून आत आली. आपली भाषा हिला कळत नाही हे लक्षात आल्यावरही ती परत फिरली नाही. कपाट आणि भिंत यांच्यामध्ये तिने आपला हात धरला आणि दाखवलं, एवढी जागा सोड. गेले चार महिने तू ज्याच्याशी झगडते आहेस त्यातल्या निम्म्या गोष्टींचं उत्तर तिने पहिल्याच दिवशी, तू न विचारता दिलं होतं. आणि तुला तो आगाऊपणा वाटला. मला या गोष्टीचा राग आला आहे, आणि तो गिळून गोड बोलणं मला जमणार नाही.

ती काय सांगत होती ते आता तरी समजून घे. हवा ३० अंश गरम असेल आणि तिच्यातली आर्द्रता ८० टक्के असेल, तर साधारण २६ अंशांपेक्षा गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर त्या हवेतलं पाणी सुटायला लागतं. बर्फाच्या पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम येतो, अगदी तसं. आता तू काय करतेस? एसी १८ वर ठेवून भिंती, फरशी, कपाट सगळं गार करतेस आणि मग खिडक्या उघडून समुद्रावरची दमट हवा त्यावर सोडतेस. ती फरशी तूच ओली करते आहेस. उघड्या भिंतीवरचं पाणी पंख्याच्या वाऱ्याने निदान सुकतं तरी. भिंतीला चिकटलेल्या कपाटामागे वारा शिरतच नाही, तिथली ओल हलत नाही. ओलसर कोपरा असाच काही दिवस राहिला की बुरशी धरते, आणि तिला खायला प्लायवूड, कागद, चामडं, कापड काहीही चालतं. मागून हवा खेळावी म्हणून ती चार बोटं. गाद्या, सोफा, पुस्तकांची मांडणी, सगळ्यांना तोच नियम.

तेव्हा एसी लावलास की खिडक्या बंद. तापमान २६ च्या आसपास ठेव आणि यंत्रात हवा कोरडी करायची सोय असेल तर ती वापर. खिडक्या उघडायच्या असतील तर एसी बंद ठेव, पंखे लाव आणि घर बाहेरच्या हवेइतकंच गरम राहू दे. दोन्हीची सरमिसळ नको. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ते कपाटाजवळ ठेव. आकडा ६० च्या खाली राहिला तर तुझे कपडे वाचतील. आणि बुटांवरची बुरशी कोरड्या ब्रशने झटकू नकोस, तिचे बारीक कण घरभर उडतात आणि श्वासातही जातात. तोंडाला मास्क लाव, साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पूस, पंख्याखाली पूर्ण सुकव, मगच आत ठेव.

कड्यांचं दुखणं वेगळं आहे. समुद्राच्या वाऱ्याबरोबर मिठाचा अगदी पातळ थर येऊन धातूवर बसतो, आणि हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते मीठ हवेतलं पाणी ओढून घेऊन स्वतःच विरघळतं. म्हणजे पाऊस नसला तरी तुझी कडी खाऱ्या पाण्याने ओलीच असते. तिच्यावर नुसतं तेल चोपडशील तर मीठ तेलाखाली तसंच राहील. आधी गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसायची, कोरडी करायची, मग तेलाचा हात फिरवायचा. बिजागऱ्या, कुलपं, खिडक्यांचे स्क्रू, सगळं असंच, आणि हे काम नेमाने करावं लागतं.

हे सगळं मला इथे बसून लिहिता आलं, कारण खारी हवा सगळीकडे सारखीच वागते. पण तुझ्या इमारतीत पाऊस कुठल्या बाजूने आत मारतो? वादळाचा इशारा आला की कोणती खिडकी आधी लावायची? गॅलरीतलं पाणी कुठे तुंबतं? डेंग्यूचा डास साठलेल्या पाण्यात आठवडा-दहा दिवसांत अंड्यातून निघून उडायला लागतो, तेव्हा हा प्रश्नही साधा नाही. यातलं काहीच पुस्तकात नसतं. जी बाई तिथे कितीतरी पावसाळे राहिली आहे तिलाच ते ठाऊक असतं, आणि ती तुझ्या शेजारी राहते. तुझ्या पत्रात एसीचा आकडा आहे, घराचा मजला आहे, बुरशीचा रंगसुद्धा आहे. तिचं नाव नाही. म्हणजे चार महिन्यांत ते तू विचारलेलंच नाहीस.

नवऱ्याला माणसं आहेत, मला नाहीत, असं तू लिहितेस. त्याला नोकरीबरोबर माणसं मिळाली हे खरं. तुला तर त्याच्याही आधी, सामान उतरत असतानाच एक मिळालं होतं. त्यामुळे पत्राखालची ती ‘एकटी’ मला पटली नाही.

संध्याकाळचं वाचलं तेव्हा मात्र राग ओसरला. त्यात तुझी काही चूक नाही गं. विषुववृत्ताच्या जवळपास सूर्य तिरका सरकत मावळत नाही, जवळजवळ सरळ खाली उतरतो. त्यामुळे सूर्य बुडाल्यापासून वीस-पंचवीस मिनिटांत दिवा लावावा लागतो. विषुववृत्तापासून दूर, जिथे संधिप्रकाश रेंगाळतो, तिथे वाढलेल्या माणसाला दिवस कुणीतरी मध्येच तोडल्यासारखा वाटतो. तुझ्या बेटावर दिवसही वर्षभर साधारण १२ तासांचाच, थोडासा मागेपुढे. म्हणजे ही वेळ आता बारा महिने, रोज जवळपास त्याच सुमाराला येणार. ती बंद दाराआड एकटीने काढायची नाही, एवढं मी तुला बजावून सांगते. त्या वेळी माणसाजवळ जायचं.

परत जावं की बदली मागावी, याचं उत्तर आज माझ्याकडून मिळणार नाही. अजून तू त्या घरात राहायला सुरुवातच केलेली नाहीस. तिथून निघायचा निर्णय सहा महिन्यांनी घे, आणि घ्यावासा वाटला तर खुशाल घे. समुद्रकाठच्या दुसऱ्या गावात बदली झाली तरी खारा वारा असणारच, आणि एखादी शेजारीणही दारात येईल. तिलाही असंच वाटेला लावणार का?

म्हणून एकच कर, आणि आजच कर. उजेड असेतो तिचं दार वाजव. भाषेची सबब सांगू नकोस, पहिल्या दिवशी तिचं भाषेवाचून काही अडलं नव्हतं. आधी नाव विचार. मग तिला आपल्या घरी घेऊन ये, कपाट उघड, बूट दाखव, गंजलेल्या कड्या दाखव, आणि हातवारे करून का होईना, आता काय करू ते विचार. घर जरा आवरते आणि मग बोलावते, असं तुझ्या मनात येईल. ते ऐकू नकोस. घर आहे तसं, त्या वासासकट तिला बघू दे. सामानाने भरलेलं कपाट तुम्हा दोघींना हलणार नाही, तेव्हा ती जिन्यात जाऊन आणखी कुणाला तरी हाक मारेल. मारू दे.

तुझी,
ताई