एमएसडब्ल्यूला (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) ‘समुदाय विकास’ स्पेशलायझेशन घेतलं तर प्रत्यक्षात काय करावं लागतं? कॉलेज कसं निवडावं?

अभ्यासक्रमाची पीडीएफ बघून कॉलेज निवडू नका, विषय सगळीकडे जवळपास तेच असतात. केसवर्क (एकेका व्यक्तीबरोबरचं काम), ग्रुपवर्क (गटाबरोबरचं), समुदाय संघटन, संशोधन हे सगळ्यांनाच. स्पेशलायझेशन बहुतेक ठिकाणी दुसऱ्या वर्षी. फरक पडतो तो फिल्डवर्कमध्ये. आठवड्याचे साधारण दोन दिवस तुम्ही वस्तीत किंवा गावात असता, बाकीचे दिवस लेक्चर, रिपोर्ट आणि सुपरवायझरबरोबरची आयसी, म्हणजे इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स, तुमच्या कामावरची समोरासमोरची चर्चा. म्हणून प्रवेशाआधी सीनियर्सना गाठून विचारा: फिल्डवर्कला कोणत्या संस्था मिळतात, आयसी दर आठवड्याला खरंच होते का, शेवटी ब्लॉक प्लेसमेंट (काही आठवडे सलग एकाच संस्थेत काम) असते का. ग्रामीण कामच करायचं असेल तर टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचं तुळजापूर केंद्र जरूर बघा.

गावात गेल्यावर नवखी मुलं थेट प्रश्नावली काढतात. त्याआधी ग्रामपंचायतीत नमुना 8, म्हणजे घरपट्टीची कर आकारणी नोंदवही, बघायला मागा. घरांची यादी आयती मिळते आणि सर्वेक्षणासाठी कोणती घरं घ्यायची ते त्यावरून ठरवता येतं. पण गायरानावरची किंवा नुकती उभी राहिलेली घरं त्यात बरेचदा नसतात. अंगणवाडी सेविकेच्या कुटुंब नोंदवहीशी ताडून घ्या, नाहीतर ज्यांच्यासाठी गेलात तेच सर्वेक्षणातून गळतात.

सामाजिक नकाशाचं, म्हणजे गावकऱ्यांनीच जमिनीवर काढलेल्या गावाच्या नकाशाचं, तेच. तो देवळासमोर काढायला बसलात तर दलित वस्तीतल्या आणि पालावरच्या बायका बहुधा येणारच नाहीत, आणि कागदावर गाव मारुतीच्या पाराशीच संपेल. जागा त्यांना विचारून ठरवा, दीड-दोन तास हाताशी ठेवा. आधी रस्ते आणि पाण्याच्या जागा, मग घरं. खडू किंवा रांगोळी गावकऱ्यांच्याच हातात हवी. तुमच्या हातात आली की लोक गप्प बसून बघत राहतात. उत्तर दिशा दाखवा, पुसला जाण्याआधी नकाशा कागदावर उतरवा आणि दुसऱ्या वस्तीत नेऊन त्यांच्याकडून तपासून घ्या.

ग्रामसभेचा ठराव म्हणजे गावाचं मत, असंही रिपोर्टात लिहू नका. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान उपस्थिती, 15 टक्के मतदार किंवा 100, यांतली कमी ती. पण तहकूब होऊन पुन्हा भरलेल्या सभेला ती अटही नाही. उपस्थिती पुस्तकात सह्या मोजा, ठराव कोणत्या सभेतला ते बघा.

परीक्षेच्या पेपरात 2 ऑक्टोबर 1952 ला सुरू झालेला सरकारचा समुदाय विकास कार्यक्रम हमखास येतो. कलमं पाठ करण्यापेक्षा तो का अडखळला ते वाचा. त्याची पाहणी करणाऱ्या बलवंतराय मेहता समितीने 1957 मध्येच सांगितलं होतं की त्यात लोकांचा पुढाकार नव्हता.

आणि रिपोर्ट. ‘महिलांशी चर्चा केली, प्रतिसाद चांगला मिळाला’ असं लिहिलं की सुपरवायझर तो परत देणार, द्यायलाच हवा. कोण बोललं, कोण गप्प राहिलं, पाण्याचा अर्ज कोण आणि कधीपर्यंत देणार, हे त्याच संध्याकाळी लिहून काढा.